कानानं भाजायचा ग्रॅनोला

माझ्या ताईला सगळे हट्टी म्हणतात. मी म्हणते, हट्टी हा शब्द तिच्यापुढे फार गरीब आहे. लहानपणी आईनं एकदा तिला कोपऱ्यात उभं केलं होतं. "चूक कबूल करेपर्यंत इथून हलायचं नाही," म्हणाली. तासाभरानं आई ते विसरून गेली आणि जेवायला हाक मारली, तर ही बया येईचना. "मी चूक कबूल केलेली नाही, मग हलू कशी?" शेवटी आईनंच कोपऱ्यात जाऊन तिच्या विनवण्या केल्या. मी तेव्हा पाच वर्षांची होते. ताईच्या ताटातला गोडाचा तुकडा मी तेवढ्यात फस्त केला होता, म्हणून हा प्रसंग माझ्या चांगला लक्षात आहे.

तर ही ताई एकतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर होती. भट्टी म्हणजे खोलीभर लांब पत्र्याचा बोगदा. एका तोंडानं कच्ची बिस्किटं पट्ट्यावरून आत जायची आणि दुसऱ्या तोंडानं भाजून बाहेर यायची. त्या दुसऱ्या तोंडाशी ताई उभी. तिचं काम काय, तर वास घ्यायचा. तिथे काटे होते, दिवे होते, यंत्रं होती, सगळं होतं, पण शेवटचा शब्द ताईच्या नाकाचा. काटा हलायच्या आधी दोन मिनिटं तिला कळायचं. "कमी करा," ती म्हणायची आणि आच कमी व्हायची. तिचं खरं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे भट्टीबाई म्हणायचे. नवे साहेब आले की आठ दिवस गालात हसायचे, आणि नवव्या दिवशी एखादी खेप काळी झाली की मुकाट्यानं येऊन म्हणायचे, "भट्टीबाई, जरा बघता का?"

तीन वर्षांपूर्वी तिला ताप आला. साधा ताप, पाच दिवसांत उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. डॉक्टर आधी म्हणाले, येईल परत. मग म्हणाले, थोडा धीर धरा. मग म्हणाले, काही जणांचं येत नाही. म्हणजे आमच्या ताईचं येणार नाही, हे आम्ही समजून गेलो.

ही गोष्ट तिनं चार महिने कारखान्यात कुणाला कळू दिली नाही. बिस्किटं पट्ट्यावरून पत्र्याच्या घसरगुंडीवर पडायची. त्या पडण्याचा आवाज ती ऐकायला लागली. कच्चं असलं की 'थप', झालं की 'टक', आणि जास्त झालं की आवाजाला एक किनरेपणा यायचा, असं ती म्हणते. मी तिथे उभी राहिले असते तर मला नुसता गोंगाट ऐकू आला असता. चार महिन्यांत एकही खेप वाया गेली नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे लोक हे सोयीनं विसरले.

ती पकडली गेली ती फिनेलमुळे. झाडूवाल्याच्या हातून फिनेलचा अख्खा डबा तिच्या पायाशी सांडला. माणसं रुमाल नाकाला लावून खोकत बाहेर पळाली आणि ही तिथेच निवांत उभी, बिस्किटांचा आवाज ऐकत. सगळ्यांनी दारातून वळून पाहिलं. पुढे काय व्हायचं ते झालं. साहेबांनी दोन बंद बाटल्या आणल्या, एकीत व्हॅनिला, एकीत रॉकेल. ताईनं बाटल्यांना हातसुद्धा लावला नाही. "उगाच तमाशा कशाला, राजीनामा कुठे लिहायचा ते सांगा," म्हणाली.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं. कारखाना आता ग्रॅनोला काढणार होता. ओट्स, बदाम आणि बिया मधात घोळवून भाजायच्या, लोक ते सकाळी दुधात घालून खातात. "फार नाजूक काम आहे," साहेब म्हणाले, "तिथे तर नाक हवंच हवं. नाहीतर आम्ही भट्टीबाईंना सोडलं असतं का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकतीस वर्षं काढलेल्या बाईच्या हातात त्यांनी फीत बांधलेलं ग्रॅनोलाचं एक पाकीट ठेवलं. नाक गेलेल्या बाईला नाकाचं भाषण आणि वर हे बक्षीस! मी तिथे असते तर ते पाकीट साहेबांच्या डोक्यावर रिकामं केलं असतं. ताईनं मात्र नीट 'आभारी आहे' म्हटलं आणि घरी आली.

म्हणजे माझ्याकडे आली. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते आणि कपडे शिवते. मी शिवणयंत्रावर होते. तिनं उभ्या उभ्या पाकीट फोडलं, मूठभर तोंडात टाकलं आणि चावत राहिली.

"कच्चं आहे," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय?" मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे, मेली आधी चालते आणि मग मला विचारते.

तिला राग आला नाही. "वाजत नाही," ती म्हणाली. मग खुर्चीवर बसली आणि चार महिन्यांत जे बोलली नव्हती ते बोलली. नाकाबरोबर चवही गेली होती. गोड कळायचं, खारट कळायचं, बाकी सगळं ओलं आणि गरम. "रोज ताटासमोर बसते आणि पुठ्ठा गिळते," ती म्हणाली. "पण काही कुरकुरीत चावलं ना, की डोक्यात आवाज होतो. तेवढंच जेवल्यासारखं वाटतं. दुसरं काही उरलेलं नाही बघ."

मी दोरा तोडला.

"हे कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "त्याला तर नाहीच नाही. मला कीव नकोय कुणाची."

'तो' म्हणजे तिचा मुलगा, माझा एकुलता एक भाचा. नाक गेल्याचं त्याला ठाऊक होतं, चवीचं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. लिफ्ट तपासायचं काम करतो. मुलगा गुणी आहे, आईवर जीव आहे, पण त्याच्या धंद्याची खोड त्याच्या अंगात मुरली आहे. दोर तुटणारच आहे असं धरून चालायचं आणि मग तो तुटतो का बघायचं. वडील गेल्यापासून त्यानं ही नजर आईवर रोखली होती. आईनं त्याच्या घरी राहायला यावं, शांत बसावं, काही करू नये, एवढीच त्याची इच्छा. 'काही करू नये' ही शिक्षा आहे, हे त्या शहाण्याला कधी कळलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात ताईनं विजेचा ओव्हन आणला. चांगला मोठा, दोन मजले आम्ही दोघींनी चढवला. तिच्या गुडघ्यांनी आणि माझ्या पाठीनं वाटेत जे शब्द ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. "जे नाकाशिवाय होत नाही म्हणाले, ते मी करून दाखवते," ती म्हणाली, "आणि करून खाते."

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. आता ही चूक तुम्ही-आम्ही केली नसती, ती फक्त भट्टीवालीच करू जाणे. बिस्किटांचा नियम असा की आत गेलेल्या मालाला हात लावायचा नाही आणि भट्टीचं तोंड उघडायचं नाही. एकतीस वर्षं तिनं तो नियम पाळला होता. ग्रॅनोला मात्र सारखा हलवावा लागतो, नाहीतर कडा जळतात आणि मधला भाग चिकट राहतो. हिनं ट्रे आत सरकवला, दार लावलं, चाळीस मिनिटांचा गजर लावला आणि खुशाल गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली. बदाम पेटायला आले, घर धुरानं भरलं, जिन्यात वास गेला, आणि ही आपली चादरीला चिमटे लावतेय. समोरच्या मास्तरीणबाईंनी दार बडवलं तेव्हा हिला कळलं.

मास्तरीणबाईंनी दुसरं पुण्यकर्म केलं ते म्हणजे भाच्याला फोन. अर्ध्या तासात स्वारी हजर, डोक्यावर अजून कामावरचं हेल्मेट. तो सगळ्या खोल्यांतून फिरला, खिडक्या उघडल्या, काळा ट्रे हातात धरून उभा राहिला.

"आई, बास झालं. हा ओव्हन जाणार, आणि तू माझ्याकडे येणार."

"ओव्हन माझा, घर माझं," ताई म्हणाली. "आणि मी काय फर्निचर आहे?"

"उद्या आग लागली तर तुला कळणार आहे का?"

प्रश्न खरा होता, हे ताईलाही ठाऊक होतं. पण गप्प बसेल ती ताई कसली? दुसऱ्याच दिवशी तिनं धूर झाला की वाजणारा भोंगा आणून छताला बसवून घेतला. गॅसची शेगडी काढून टाकली, विजेची आणली. मग मुलाला फोन करून सगळं सांगितलं.

"आई, यंत्रं बिघडतात," तो म्हणाला. "मी रोज तेच बघतो."

"मीही तेच बघितलं, एकतीस वर्षं," ताई म्हणाली. "म्हणून तर यंत्रापुढे मला उभं करायचे."

बरीच रस्सीखेच झाली. शेवटी ठरलं असं की दोन आठवड्यांनी शनिवारी दुपारी तो येईल. त्याच्या डोळ्यांसमोर ताई ग्रॅनोला करेल. करपला तर ओव्हन जाईल आणि ताई त्याच्याकडे राहायला जाईल.

"आणि नाही करपला तर?" ताईनं विचारलं.

"तर बघू," तो म्हणाला.

'तर बघू' म्हणजे काय ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. माझी गिऱ्हाइकं कपडे घेऊन जाताना अगदी असंच म्हणतात.

ते दोन आठवडे मी जन्मात विसरणार नाही. ताईनं ठरवलं की तिचं नाक गेलं असलं तरी बहिणीचं शाबूत आहे. रोज दुपारी मला वर बोलावून ओव्हनसमोर स्टुलावर बसवायची. "वास आला की सांग."

"मी काय तुझं भाड्याचं नाक आहे?"

"भाडं कोण देतंय?"

मी बसले. दहा मिनिटांत असा काही गोड, खमंग वास सुटला की मी ओरडले, "झालं!" ट्रे बाहेर काढला तर ओट्स कच्चे. दुसऱ्या दिवशी तसंच. मधाचा वास आधी येतो, ओट्स मागाहून भाजतात, आणि माझं नाक मधाला भुलत होतं. तिसऱ्या दिवशी मी मदत म्हणून मनुकाही सुरुवातीलाच टाकल्या. त्या आधी फुगल्या आणि मग खडे झाल्या. माझी दाढ हलली. मनुका शेवटी, गार झाल्यावर घालायच्या असतात, हे मला आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

"तुझं नाक चहाडखोर आहे," ताई म्हणाली. "उद्यापासून तू नुसती बस. तोंड बंद ठेवून."

मग ती तिच्या कानांवर आली. दर आठ मिनिटांनी ट्रे बाहेर काढायचा, लाकडी चमच्यानं कडेचं मध्ये आणि मधलं कडेला करायचं, आणि हलवताना डोळे मिटून ऐकायचं. पहिल्यांदा आवाज ओला यायचा, चपचप. मग खसखस. आणि शेवटी सुका, हलका, खुळखुळ्यासारखा. तो आला की ट्रे बाहेर. गरम असताना दाबून बघितलं तर मऊच लागतं, तिथे माणूस फसतो आणि पुन्हा आत ढकलतो. ताई फसायची नाही. बिस्किटंही बाहेर आल्यावरच कडक होतात, ते तिच्या हाडात होतं. ट्रे ओट्यावर ठेवून वीस मिनिटं त्याला शिवायचं नाही. मलाही शिवू द्यायची नाही.

आठव्या दिवशी जमला. तिनं वाटीभर घेतला, दूध नाही, काही नाही, कोरडाच. चावायला लागली तर टेबलाच्या पलीकडे मला आवाज ऐकू येत होता. ती डोळे मिटून चावत होती आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाटी संपली, दुसरी घेतली. मी एक शब्द बोलले नाही. माझ्यासारखीनं न बोलणं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. पाच महिन्यांत माझी बहीण पहिल्यांदा पोटभर जेवत होती. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, हा ओव्हन या घरातून जायचा नाही, मग मला लबाडी करावी लागली तरी चालेल.

लबाडी अशी की शनिवारी करपल्याचा वास आला तर मी खोकणार. ताईला हे सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तिनं मला जिन्यावरून खाली ढकललं असतं.

शनिवार आला. दुपारी तीनला किल्ली फिरली आणि भाचा सरळ आत आला. त्याच्याकडे या घराची किल्ली होती. वडिलांच्या आजारपणात दिलेली, ती तशीच राहिली होती. "मावशी, तूपण आहेस का?" तो म्हणाला. मी म्हटलं, "मी तर आहेच." तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. आईच्या घरी आला होता की लिफ्ट बघायला, देव जाणे.

ताईनं परातीत ओट्स घेतले, बदाम, भोपळ्याच्या बिया, चिमूटभर मीठ. तेल आणि मध कोमट करून वर ओतले आणि हातानं सगळं चोळलं. ट्रे आत गेला. आठ मिनिटांनी एकदा, सोळा मिनिटांनी एकदा, तिनं हलवलं आणि ऐकलं. माझ्या भाच्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. चोविसाव्या मिनिटाला तिसऱ्यांदा हलवून ट्रे परत आत गेला, आणि जरा वेळानं माझ्या नाकात वास शिरला. मध काळवंडल्याचा वास. मी खोकले.

ताई हलली नाही.

मी पुन्हा खोकले. या वेळी असं खोकले की क्षयरोग्यानं लाजावं.

"पाणी पी," ताई म्हणाली, "आणि खोकू नकोस. मला ऐकू येत नाहीये."

"आई, करपतंय!" भाचा उठलाच.

"बस खाली."

"अगं वास येतोय!"

"येत असेल. वासाचं मला सांगू नकोस, मी त्याच्यावर एकतीस वर्षं पोट भरलंय. बस."

तिनं ट्रे काढला. चमचा फिरवला. मान एका बाजूला कलती करून ऐकलं. आणि आम्ही दोघं धडधाकट नाकांची माणसं आ वासून बघत असताना तिनं तो ट्रे परत आत ढकलला. मी मनात म्हटलं, संपलं. बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःचं घर घालवलं. दोन मिनिटं गेली. मग तिनं ट्रे काढून ओट्यावर ठेवला आणि हात पुसले.

"वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही."

त्या वीस मिनिटांत माझी अर्धी नखं संपली. छतावरचा भोंगा गप्पच होता. मग ताईनं मनुका घातल्या, वाटी भरली आणि मुलाच्या पुढ्यात ठेवली. त्यानं एक घास घेतला. कुर्रर्र असा आवाज झाला. त्यानं दुसरा घास घेतला, मग तिसरा. मी ट्रेमध्ये चष्मा लावून शोधलं, कडेपासून कडेपर्यंत. सगळा मधाच्या रंगाचा. एक दाणा काळा नव्हता.

"चांगला झालाय, आई," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

तेवढ्यात कुणीतरी दार ठोठावलं. मी उघडलं तर दोन माणसं, खांद्यावर दोरखंड. "ओव्हन न्यायचाय ना? टेम्पो खाली लावलाय. या साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं."

सकाळीच! म्हणजे परीक्षेच्या आधीच निकाल लागला होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी भाच्याकडे वळले तर तो भिंतीकडे बघत होता.

"आई, प्रश्न ग्रॅनोलाचा नाहीये," तो म्हणाला.

"मग दोन आठवडे मला कशाला नाचवलंस?"

"तू ऐकत नाहीस म्हणून! तू फोन उचलला नाहीस की मी पुन्हा पुन्हा लावत बसतो. मी लिफ्टच्या खड्ड्यात उभा असतो आणि मला वाटतं, आत्ता घर जळत असेल आणि तू गॅलरीत कपडे वाळत घालत असशील. मला झोप लागत नाही, आई." खोटं बोलत नव्हता तो. मला त्याची दयाही आली आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं.

आणि मग माझी जीभ सुटली. "अरे मूर्खा, तुझी आई पाच महिने पुठ्ठा गिळतेय! तिला कशाची चव नाही. जेवण जेवण लागत नाही तिला. हे एवढंच तिला दातांखाली कळतं, याचा आवाज होतो म्हणून. आणि तू तेच उचलून न्यायला निघालास?"

ताईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दाराला टेकले. दोरखंडवाले जमिनीकडे बघायला लागले.

भाचा खाली बसला. "आई," तो म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंस? मला माहीत असतं तर... ठेव. ठेव ना ओव्हन. राहू दे."

जिंकलो एकदाच्या, असं मला वाटलं. पण ताईचा चेहरा बघितला आणि कळलं की खरी लढाई आता सुरू झाली आहे.

"ठेव?" ती म्हणाली. "ठेव म्हणणारा तू कोण?"

"आई, मी—"

"ऐक. पंधरा दिवसांपूर्वी तू म्हणालास जाईल, आज म्हणतोस राहील. आज तुला माझी दया आली. उद्या भीती वाटली की पुन्हा म्हणशील जाईल. म्हणजे ओव्हन तुझ्याच मर्जीवर. घरही तुझ्याच मर्जीवर. मीही. मला तुझी परवानगी नकोय रे. मी मागितलीच नव्हती. तुला भीती वाटते, खरं आहे. आईची काळजी असते, असू दे, मी रोज फोन करेन, भोंगा दर महिन्याला तुझ्यादेखत वाजवून बघेन, तू म्हणशील ती सगळी काळजी घेईन. पण तुला झोप लागत नाही म्हणून मी जगायचं थांबवणार नाही."

मग दोरखंडवाल्यांतला मोठा हळूच म्हणाला, "बाई, मग न्यायचं काय?"

"ओव्हन नाही," ताई म्हणाली. "न्यायचाच असेल तर हा माझा मुलगा न्या. जड आहे, दोघं लागतील." आणि दोघांच्या हातात तिनं एकेक वाटी दिली. ते उभ्या उभ्या खायला लागले, आणि त्या खोलीत तिघांच्या दाढांचा आवाज घुमला, कारण मीही एव्हाना मूठ भरली होती.

"बघ," ताई मुलाला म्हणाली, "ही परकी माणसं. दार वाजवून आली. तू किल्ली फिरवून आलास." तिनं हात पुढे केला. "किल्ली दे."

"आई, काही झालं तर? आत यायचं कसं?"

"तुझी मावशी खाली आहे, तिच्याकडे एक आहे. ती सगळीकडे नाक खुपसतेच, तिला अडवून उपयोग नाही. तू दे."

त्यानं खिशातून जुडगा काढला. किल्ली कडीतून निघता निघेना. नखानं कडी ताणत तो कितीतरी वेळ खटपट करत होता आणि आम्ही कुणी मदत केली नाही. शेवटी निघाली. त्यानं ती टेबलावर ठेवली, घड्याळ उचललं, माणसांना म्हणाला, "चला," आणि गेला. दार लागलं. जिन्यावरून पावलं उतरत गेली.

"जरा जास्तच झालं हं, ताई," मी म्हणाले.

"झालं असेल," ती म्हणाली. ती ट्रे पुसत होती. ट्रे कधीच स्वच्छ झाला होता तरी पुसत होती. "गेला तर गेला. नाही आला तर नाही येणार. पण मी हे बोलले नसते ना, तर आयुष्यभर त्याच्या 'ठेव'वर जगले असते."

मी चहा ठेवला. खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, मग लांब गेला. आम्ही दोघी टेबलाशी बसलो. कप तसेच राहिले.

बेल वाजली.

ताई जागची हलली नाही. "कोण आहे?" तिनं तिथूनच विचारलं.

बाहेरून माझ्या भाच्याचा आवाज आला, लहानपणी खेळून उशिरा घरी यायचा तेव्हा यायचा तसा. "मी आहे, आई. आत येऊ का?"

मी लगबगीनं उठले. ताईनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"थांब," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा विचारू दे."